आधी काठी, मग उडी

प्रिय बेडके,

हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं आणि हाकही त्यांनीच मारायची, असा आपल्या घरातला अलिखित कायदा होता. तू पाण्यात पाय मारायचीस ते बघून त्यांना ते सुचलं होतं. मी तुला कायम पूर्ण नावाने हाक मारत आले, वर्गात हजेरी घेतात तशी. आज मात्र ते शाळेतलं नाव लिहायला हात धजत नाही. रागावू नकोस.

बाबांना पोचवून तू परत गेल्यापासून रोज घर आवरायचं म्हणते आणि दुपारपर्यंत खुर्चीतच बसून राहते. पोहण्याच्या तलावावरची माणसं भेटून जातात. व्यवस्थापक बाबांची शिट्टी घेऊन आला होता. नव्या सरांना ही द्यायला हात होईना म्हणाला, टेबलावर ठेवली आणि चहा न घेताच गेला. सकाळच्या बॅचच्या बायका पोहून झाल्यावर तशाच आल्या, ओल्या केसांनी. त्या गेल्या आणि खोलीत क्लोरीनचा वास राहिला. मी संध्याकाळपर्यंत खिडकी उघडली नाही. इतकी वर्षं मी बाबांना सांगत आले, आधी शर्ट बदला, घरभर तलाव करू नका. आता तो वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून बसते.

बस सुटायच्या वेळी तू खिडकीतून विचारलंस, "आई, त्या दिवशी बाबांनी उडी का नाही मारली?" मी तुझ्या पिशवीची चेन ओढली, पाण्याची बाटली घेतलीस ना, असं काहीतरी पुटपुटले. शिक्षकांच्या संपात ध्वनिक्षेपक बंद पाडले तेव्हाही माझी जीभ अडली नव्हती. ती तिथे अडली. बस निघून गेली आणि मी तिच्या धुराकडे बघत राहिले. इतकी वर्षं तू हा प्रश्न गिळून बसली होतीस, आणि विचारलास तेव्हा ज्याला विचारायचा तो माणूसच नव्हता.

हे पत्र त्या प्रश्नाचं उत्तर आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी दोन वाक्यांत व्यासपीठावर चढते आणि तू "बरं आई, ठेवते" म्हणतेस. कागद मध्येच ठेवून देता येत नाही. थोडं मागून सुरू करते.

तलावाच्या दारात बाबा उभे असायचे ते आठवतं ना? प्रत्येक पोराला तेच दोन प्रश्न. "मोकळा झालास? अंग धुतलंस? मग ये." एकदा एका बड्या अधिकाऱ्याचा मुलगा पाण्यातच लघवी करून मोकळा झाला आणि वर दात काढून हसला. बाबांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि महिनाभर तलाव बंद म्हणून सांगितलं. वडिलांचा फोन आला. बाबा शांतपणे म्हणाले, "साहेब, पाण्याला हुद्दा कळत नाही." मी तेव्हा समतेवर तासतासभर बोलत असे. ते एक वाक्य माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा वरचढ होतं आणि मी ते पुढे तीन-चार सभांत चोरून वापरलं. त्यांच्यासाठी तलाव म्हणजे सगळ्यांनी एकत्र तोंड लावायचं भांडं होतं. त्यात घाण करणाऱ्याला माफी नाही. या नियमाला त्यांनी कधी अपवाद केला नाही, आणि पुढे तोच नियम त्यांच्यावर उलटला.

तू नववीत असताना बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, असं आम्ही तुला सांगितलं होतं. ते हर्नियाचं नव्हतं. प्रोस्टेटच्या गाठीत कॅन्सर निघाला होता, वेळेत सापडला आणि ती ग्रंथी काढून टाकली. त्यांचा जीव वाचला. डॉक्टरांनी हात मिळवला, आम्ही पेढे वाटल्यासारखे चेहरे करून घरी आलो. पण लघवी धरून ठेवणारा जो गोल स्नायू असतो, तो त्या ऑपरेशनमध्ये दुखावला. काही महिन्यांत सुधारेल म्हणाले. बहुतेकांचा सुधारतो. बाबांचा सुधारला नाही. खोकला आला की गळायचं. वाकलं की गळायचं. जड उचललं की, शिंकलं की, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हसलं की.

आता तू मागचं सगळं पुन्हा बघ. खांद्यावर कायम टॉवेल असायचा, तो पोहणाऱ्या माणसाची सवय नव्हती. कुणाकडेही बसायच्या आधी ते तो खाली अंथरायचे. पँट काळी किंवा गर्द निळीच. तुझी बॅग उचलायला ते पुढे येईनासे झाले, तेव्हा तू म्हणालीस, बाबांना आता मी मोठी झाले वाटतं. आणि तू जेवताना तुझ्या मुख्याध्यापिकेची नक्कल करायचीस, मी हसून हसून डोळे पुसायची, तेव्हा बाबा ताट अर्धं टाकून उठून जायचे. तू एकदा मला विचारलंस, बाबांना माझं काहीच का आवडत नाही? अगं, त्यांना इतकं हसू यायचं की बसणं शक्य नसायचं. आतल्या खोलीत भिंतीला टेकून, तोंडावर उशी दाबून हसायचे आणि मग कपडे बदलायचे. बाथरूममधलं वरचं कपाट तू इथे होतीस तेव्हा मी तुला उघडू दिलं नाही. त्यात त्यांचे पॅड आहेत. अजून मी ते टाकलेले नाहीत.

मी चिडले होते, अजून चिडलेली आहे. जगाचे सगळे ग्रंथ चाळून बघ, युद्धात हात गमावलेल्या पुरुषाची गाणी सापडतील, ओली पँट झालेल्या पुरुषाबद्दल एक ओळ सापडायची नाही. त्याला रडायला बंदी, दुखतंय म्हणायला बंदी, आणि गळायला लागला तर तो माणसातून उठला. मी बाबांशी भांडले. म्हटलं, मुलीला सांगा, ती शहाणी आहे. म्हटलं, तलावावर तुमच्या वयाचे निदान दहा पुरुष या दुखण्याचे असतील, तुम्ही बोललात तर ते बोलतील. ते म्हणाले, "तुझ्या संघटनेला नवीन मागणी हवी असेल तर दुसरी शोध." एक उपकरणही बसवून घेतलं होतं, छोटी रबरी झडप असते तशी. तुला सांगितलं की बाबा शिबिराला गेलेत. पण आत जंतुसंसर्ग झाला आणि ते काढावं लागलं. त्यानंतर त्यांनी डॉक्टरकडे जायचंच सोडलं.

आणि पाण्यात उतरायचं सोडलं. कुणी त्यांना मनाई केली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, पोहा, काही होत नाही. पण दारात उभं राहून पोरांना दोन प्रश्न विचारणारा माणूस स्वतःला काय उत्तर देणार? "मोकळा झालास?" याला त्यांच्याकडे आता प्रामाणिक उत्तर नव्हतं. म्हणून ते काठावर उभे राहायला लागले, हातात ती लांब काठी घेऊन. तुला शिकवताना ज्यांचा हात कायम तुझ्या पोटाखाली असायचा, ते आता काठावरून शिट्टी मारून सांगायचे. तू ओरडायचीस, "बाबा, आत या ना, मला वळण जमत नाहीये." ते म्हणायचे, "मी वरून नीट बघतो."

आता त्या सकाळबद्दल. निवड चाचणी जवळ आली होती, तू खोल भागात होतीस आणि तुझ्या पायात गोळा आला. बाबा काठावर होते. त्यांनी काठी पुढे केली, ती तू धरलीस आणि निसटली. पुन्हा केली, पुन्हा निसटली. मग पलीकडून ती परिचारिका, सकाळच्या बॅचमधली, उडी मारून आली आणि तिने तुला कडेला ढकललं. तू कठड्याला धरून खोकत होतीस आणि बाबांकडे बघत होतीस. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आधी काठी, मग उडी. नियम आहे." नियम खरा आहे, बुडणाऱ्या एकाचे दोन होऊ नयेत म्हणून केलेला. पण त्याच माणसाने लोकांच्या पोरांसाठी बुटासकट, घड्याळासकट उड्या मारलेल्या तू लहानपणापासून पाहिल्या होत्यास. परक्यांसाठी उडी आणि माझ्यासाठी नियम, एवढंच तुला त्या वाक्यात ऐकू आलं. दुसरं काय ऐकू येणार होतं?

तू त्या दिवसानंतर तलावावर गेली नाहीस. पोहण्याचा पोशाख धुऊन, घडी करून त्यांच्या कपाटात ठेवलास. भांडली असतीस तर बरं झालं असतं. पुढे लांबचं कॉलेज घेतलंस, लांबची नोकरी घेतलीस, आणि बाप-लेकीचं बोलणं फोनवरच्या हवामानाएवढं उरलं.

त्या दिवशी दुपारी बाबा घरी आले आणि त्यांनी बाथरूमचं दार लावून नळ सोडला. बराच वेळ झाला तेव्हा मी दार वाजवायला लागले. आतून म्हणाले, "काठी निसटली तेव्हा मी उडी मारणारच होतो. पाय उचललाच होता. आणि मला पॅडची आठवण झाली." मग नळाचाच आवाज. मग म्हणाले, "पोटची पोर बुडतेय आणि मला पॅड आठवलं." बेडके, एका श्वासाएवढाच वेळ गेला होता, तेवढ्यात ती परिचारिका पोचली. ती नसती तर पुढच्या श्वासाला ते पाण्यात असते, हे मी कुणाच्याही समोर छातीठोकपणे सांगेन. पण तो एक श्वास त्यांनी स्वतःला कधी माफ केला नाही. दार उघडलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून शब्द घेतला, तिला यातलं काहीही कळता कामा नये. मी तिला दगड वाटलो तरी चालेल, म्हणाले, पण तिच्या डोळ्यांत माझी कीव नको. इतक्या लोकांची मनं वळवणारी मी, माझ्या नवऱ्याचं मन त्या ओल्या दाराशी वळवू शकले नाही. शब्द दिला. आणि मी दिलेला शब्द पाळते, तू ओळखतेस मला.

गेल्या वर्षी त्यांनीच एक दिवस वर्तमानपत्राचं कात्रण पुढे केलं. पेशींचा उपचार. आपल्याच शरीरातल्या पेशी वाढवून दुखावलेल्या स्नायूत सोडायच्या, म्हणजे तो स्नायू पुन्हा सुधारू शकतो. आधी आम्ही चुकीच्या ठिकाणी गेलो. काचेची इमारत, दारात कारंजं, भिंतीवर घोड्याचं चित्र आणि खाली "पुरुषत्व पुन्हा". टाय लावलेला एक तरुण आला आणि सगळं शंभर टक्के बरं होईल म्हणून सांगायला लागला. मी विचारलं, पेशी कुठून घेता, कुठे वाढवता, किती रुग्णांना फरक पडला, कुठे छापून आलंय? तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही निगेटिव्ह विचार करता." मग मी उभी राहिले. पुढचं तू कल्पनेने जाण. माणसाच्या लाजेवर दुकान थाटणाऱ्यांबद्दल मला जे म्हणायचं होतं ते मी त्या सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हटलं. रांगेतले पुरुष फरशीकडे बघत होते. बाबा माझा पदर ओढत होते, "अगं, खाली चल, खाली चल." जिन्यात एक गृहस्थ आमच्या मागून आले, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, खरं ठिकाण कुठलं?" बाबा त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होते. आणि पहिल्यांदाच म्हणाले, "गळू दे. आज गळू दे."

खरं ठिकाण एका जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात निघालं, तळमजल्यावर, रंग उडालेल्या बाकांचं. तिथले डॉक्टर कमी बोलणारे. पहिल्याच भेटीत म्हणाले, हा अजून प्रयोग आहे, काहींना फरक पडतो, काहींना अजिबात पडत नाही, खात्री देणार नाही. मला ते लगेच आवडले. कॅन्सर परतलेला नाही याच्या सगळ्या तपासण्या झाल्या आणि मग दंड बधिर करून आतल्या स्नायूचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला. त्यातल्या पेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवायच्या, पुरेशा झाल्या की दुर्बिणीच्या नळीतून सुईने त्या दुखावलेल्या स्नायूत सोडायच्या. बाबा डॉक्टरांना म्हणाले, "आयुष्यभर दंडाच्या जोरावर पोहलो. आता दंडच खाली उतरून पहारा देणार म्हणायचा." डॉक्टरांनी विचारलं, तुमची अपेक्षा काय आहे? इतर लोक म्हणतात प्रवास करता यावा, पॅड कमी व्हावेत. बाबा म्हणाले, "मला विचार न करता उडी मारता यायला हवी." डॉक्टरांना वाटलं, पोहणारा माणूस आहे, साहजिक आहे. मी खिडकीबाहेर बघत बसले.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्यांना एकदा भिंगातून त्या पेशी दाखवल्या. गुलाबी पाण्याच्या सपाट बाटलीत, तळाला चिकटून लांबट पसरलेल्या. त्या म्हणाल्या, जास्त दिवस ठेवल्या तर एकमेकींना जोडून त्यांचे धागे होतात आणि कधी कधी ते धागे आपणहून आखडतात, हलतात. मग बाबांचं घरी येऊन सुरूच. माझी पोरं पाण्यात उतरली. आज माझी पोरं काय करत असतील. त्यांनी नवा पोहण्याचा पोशाख आणला आणि मला न दाखवता तुझ्या जुन्याच्या शेजारी ठेवला, म्हणजे मला दिसेल असा. एका संध्याकाळी म्हणाले, इंजेक्शन झालं, थोडं जमायला लागलं, की तिला बोलावू. काही सांगायचं नाही. नुसतं खोल भागात उतरायचं आणि तिला म्हणायचं, ये.

पुढचं तुला ठाऊक आहे. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि सरळ झालेच नाहीत. हृदय. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल.

मी शब्द पाळला असता. बसच्या खिडकीशी पाळला तसा जन्मभर पाळला असता, आणि तू मला दगड म्हणाली असतीस तरी. पण परवा त्यांचा फोन वाजला. मी तो अजून बंद केलेला नाही, रोज चार्ज करते, का ते विचारू नकोस. पलीकडून प्रयोगशाळेतल्या बाई, आवाजात नुसता आनंद. "सर, तुमच्या पेशी छान वाढल्यात. सोमवारी या, उपाशीपोटी." मी त्यांना सांगितलं. बाईंनी माफी मागून फोन ठेवला. मग डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, या पेशी दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत. एकतर नष्ट करायच्या, नाहीतर अभ्यासासाठी ठेवायच्या, म्हणजे त्यांच्यावरून पुढच्या रुग्णांसाठी शिकता येईल. मी तोंड उघडलं होतं. माझं मत काय असणार तुला ठाऊक आहे, शरीर विज्ञानाच्या कामी यावं म्हणून मी गावोगाव बोललेली बाई. पण डॉक्टर म्हणाले, "माफ करा बाई, हे तुम्हाला विचारायचं नाहीये. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. मला काही झालं तर माझ्या मुलीला विचारा. आधी तिला सगळं नीट समजावून सांगा, काय आजार होता, का आलो होतो, आणि मग ती म्हणेल ते करा." इतकी वर्षं त्यांचे कपडे मी धुतले आणि निर्णय त्यांनी तुझ्या हातात दिला, याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग संध्याकाळी कळलं की जे त्यांना तोंडाने कधीच सांगता आलं नसतं ते त्यांनी मागे ठेवून दिलं होतं, तुझ्यासाठी. म्हणून हे पत्र. ती गोष्ट तुला परक्या माणसाकडून पहिल्यांदा कळू नये, एवढंच मला हवं होतं. त्या पेशी अजून उबेत आहेत, जिवंत आहेत, रोज वाढतायत. त्यांचं काय करायचं ते तूच ठरव, आणि जे ठरवशील त्यावर मी एक शब्दही बोलणार नाही. ठरवायच्या आधी बघाव्याशा वाटल्या तर बाई दाखवतील, मी विचारून ठेवलंय. पत्र पोचेपर्यंत थांबा म्हणून डॉक्टरांना सांगितलंय. येत्या आठवड्यात ते तुला फोन करतील. तू अनोळखी नंबर उचलत नाहीस, मला माहीत आहे. तो उचल.

तुझीच, खिडक्या लावून बसलेली,
आई